अर्धी वही, पूर्ण गृहपाठ

मी शिकवायला लागले तेव्हा मुलं गृहपाठ तळहातावर लिहून घेत. मधल्या सुट्टीत हात धुतले की इतिहास जायचा, आणि घरी जाऊन मेथीच्या जुड्या बांधल्या की उरलेलं गणितही जायचं. दुसऱ्या दिवशी "गृहपाठ का केला नाही?" असं विचारलं की मुलं मुकाट्याने हात पुढे करत. मला आधी वाटलं, छडी खायला करतायत. पण ती पुरावा दाखवत होती. हात स्वच्छ होता.

शाळा नाशिकची, पण पंचवटीच्या पुढे, मखमलाबादच्या बाजूची. निम्मी मुलं शहरातली आणि निम्मी मळ्यांमधली. म्हणजे सकाळी कोथिंबीर किंवा झेंडू तोडून, तो बाजाराच्या टेम्पोत चढवून मग शाळेत येणारी. नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता. माझी नेमणूक दोन वर्षांच्या प्रोबेशनवर होती आणि दुसरं वर्ष चालू होतं. माझ्या आधीच्या दोन बाई दुसऱ्या वर्षाअखेरीस शाल-श्रीफळ न घेताच घरी गेल्या होत्या. सासूबाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "झालीस का कायम?" ताप उतरला का, असं विचारावं तसं.

मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणत असू. त्यांनी जूनमध्येच मला बोलावून सांगितलं होतं, "तुमचं शिकवणं बरं आहे. पण आठवी ब चा गृहपाठ म्हणजे धर्मशाळा आहे. दिवाळीच्या आत पर्यवेक्षक सर वह्या बघतील. त्यांचा अहवाल येईल, त्यावर तुमचं ठरेल."

पर्यवेक्षक सरांची ख्याती अशी की ते वहीतपासणी करत नाहीत, उलटतपासणी घेतात. शिक्षकाची टाचणवही, म्हणजे आज काय शिकवणार ते आधी लिहून ठेवायची वही, मग वर्गाची गृहपाठ-नोंदवही, मग मुलाने घरी नेलेली नोंद आणि शेवटी मुलाची विषयाची वही, अशा चार ठिकाणी एकच गोष्ट दिसली पाहिजे. तीन ठिकाणी दिसली तर चौथ्या ठिकाणी का नाही, यावर त्यांचा अख्खा तास जायचा.

तेव्हा पहिलं काम, हात बंद करायचे. छापील दैनंदिनी ही चीज आमच्याकडे पुढे दोन हजारनंतर आली. पानापानाखाली सुविचार, मागे सुट्ट्यांची यादी आणि पुढे मुलाचा रक्तगट. तेव्हा असलं काही नव्हतं. मी शंभरपानी वह्यांचा गठ्ठा घेऊन रविवार कारंजाजवळच्या एका बाइंडरकडे गेले आणि म्हटलं, "या आडव्या कापून द्या. एका वहीच्या दोन."

त्याने माझ्याकडे आणि वह्यांकडे पाहिलं. "अर्ध्या कशाला बाई? गृहपाठ पूर्ण द्यायचा नाही का?"

"दप्तरात एक जास्तीची वही मावत नाही हे कारण मला ऐकायचं नाही. अर्धी मावते."

त्याने घस्सकन मशीन चालवलं. दुसऱ्या दिवशीपासून त्या वहीचं नाव वर्गात 'अर्धी' पडलं ते पडलंच. "बाई, अर्धी विसरलो." "मग अर्धी तरी आणायची होतीस." हा विनोद मी पहिल्या आठवड्यात केला आणि नंतर मुलांनीच तो इतका वापरला की मला बंद करावा लागला.

अर्धीचे नियम मी तीन केले. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून त्यात मी गृहपाठ लिहिणार, ती चौकट कोणी पुसायची नाही. शेवटच्या तासाला सगळ्यांनी तो अर्धीत उतरवायचा आणि घरी पालकांची सही घ्यायची. आणि अर्धीत जे लिहिलंय तोच गृहपाठ. "आम्हाला वाटलं", "तुम्ही बोलला होता", "तो म्हणाला" यांपैकी काही चालणार नाही. हा तिसरा नियम करताना मी स्वतःवर फार खूश होते.

सह्यांनी पहिला दणका दिला. सहामाही परीक्षेच्या आधी एका मुलाची अर्धी उघडली तर शेवटच्या पानापर्यंत वडिलांच्या सह्या. पुढच्या तारखा कोऱ्या, गृहपाठ कोरा, सह्या मात्र तयार.

"हे काय रे?"

"द्राक्षाची छाटणी चालू हाय ना बाई. वडील निफाडला बागांवर जाणार, दिवाळीपर्यंत येत नाय. म्हणले, आण, एकदाच करून टाकू."

"अरे, पण गृहपाठ बघून सही करायची असते."

"ते म्हणले, बाईंवर विश्वास हाय."

दसऱ्याच्या आठवड्यात फुलांच्या मळ्यांमधून आलेल्या सगळ्या अर्ध्या झेंडूने पिवळ्या झाल्या. एका आजीने सहीच्या जागी उठवलेला अंगठाही पिवळा. पण अर्ध्या येत होत्या, सह्या होत होत्या आणि गृहपाठ खरोखर होत होता. माझी नोंदवही बरोबरच्या खुणांनी भरत चालली होती. मी मनातल्या मनात कायम झालेच होते.

दसऱ्यानंतर मी समास शिकवायला घेतले. मराठी शाळेत गेलेल्या कोणालाही सांगायला नको, समास दोन असतात. एक व्याकरणातला, जो सोडवायचा. दुसरा वहीच्या डाव्या बाजूचा, जो सोडायचा. हा दुसरा माझ्या तोंडात दिवसातून कितीदा तरी असे. "समास सोडा रे, कडेपासून लिहू नका."

शनिवारी सकाळची शाळा. माझा तास झाला, मी चौकटीत लिहिलं, 'व्याकरण : समास सोडवा.' खरं तर 'पुढील समासांचा विग्रह करा' असं लिहायला हवं होतं, पण चौकट लहान होती. उदाहरणं पुस्तकात होतीच. शेवटचा तास भूमितीचा. पर्यवेक्षक सर येणार होते सोमवारी, तिसऱ्या तासाला.

सोमवारी प्रार्थना झाल्यावर मी वह्या गोळा केल्या. पहिली उघडली. कोरं पान, डावीकडे पट्टीने आखलेली एक लाल रेघ. दुसरी उघडली. कोरं पान, रेघ निळी. तिसरीत एका मुलीने चारही बाजूंनी समास सोडून त्यावर वेलबुट्टी काढली होती.

"हे काय आहे?"

"गृहपाठ, बाई."

"कुठाय?"

"हा काय." एका मुलाने रेघेवर बोट ठेवलं. "आई पण म्हणली, आज एवढाच?"

मागून आवाज आला, "बाई, माझा लय मोठा हाय, बघा." त्याने अर्ध्या पानाचा समास सोडला होता. लिहायला उरलेली जागा समासापेक्षा कमी होती.

"समास सोडवा म्हटलं होतं मी! सोडवा!"

मग वर्गप्रमुख उठली. फुलांच्या मळ्यातली मुलगी, दोन वेण्या आणि वकिली आवाज. "बाई, अर्धीत बघा."

अर्धीत 'समास सोडा' लिहिलं होतं. तिच्या, शेजारणीच्या, सगळ्यांच्याच अर्धीत. खाली पालकांच्या सह्या. मी वळून फळ्याकडे पाहिलं. चौकट जागच्या जागी होती. 'समास सोड', मग पुसट पांढरा डाग, मग एकटा उभा काना. 'व' गेला होता, काना राहिला होता. भूमितीचे सर वर्तुळ काढताना फळ्याला कोपर टेकतात हे मला माहीत होतं. माझ्या कोपऱ्यात त्यांचं कोपर येईल हे डोक्यात आलं नव्हतं.

दोन तासांनी पर्यवेक्षक सर येणार होते. मी खुर्चीवर बसले.

"बाई," एकाने सुचवलं, "प्रत्येकाच्या अर्धीत 'व' घालू. मधी जागा करता येतीय."

"आणि समास आत्ता पटापट सोडवून टाकू," दुसरा म्हणाला. "सरांना काय कळतंय?"

मी विचार केला. प्रामाणिकपणाचं श्रेय मला नको. मी फक्त वर्गाकडे नीट पाहिलं. एवढी मुलं, एवढी वेगवेगळी पेनं. कोणी 'सोवडा' करणार, कोणी 'व' हिरव्या शाईने घालणार आणि एक जण सरांना हौसेने सांगणार, "सर, हा 'व' आम्ही सकाळी घातला." हे जमणारं काम नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "काही घालायचं नाही."

"मग आमचा गृहपाठ पूर्ण की अपूर्ण?" वर्गप्रमुख बसायला तयार नव्हती. "तुम्हीच म्हणता, अर्धीत लिहिलंय तोच गृहपाठ. 'आम्हाला वाटलं' चालत नाय. मग 'बाईंना वाटलं' कसं चालंल?"

माझाच तिसरा नियम होता. मी नोंदवही उघडली आणि एकेकापुढे 'पूर्ण' अशी खूण करत गेले. शेवटच्या बाकावरचा एक जण आपणहून उभा राहिला.

"माझा राहिला बाई. मामाकडं गेलतो देवळ्याला. कांदा लागण चालू हाय."

त्याच्यापुढे मी 'अपूर्ण' लिहिलं.

पर्यवेक्षक सर तिसऱ्या तासाला आले. पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन, चेहरा पंचांगासारखा. माझी टाचणवही डावीकडे, नोंदवही उजवीकडे, मध्ये अर्ध्यांचा गठ्ठा, त्यापुढे वह्या. ते एकेक पान उलटत गेले. मग ते थांबले.

"बाई, टाचणात समासांचा विग्रह आहे. मुलांच्या वह्यांत पानं कोरी आहेत. आणि नोंदवहीत पूर्ण?"

"हो सर."

"कसं काय?"

मी सांगितलं. चौकट, 'व', काना, सगळं. कोपर कोणाचं ते वगळलं. त्यांनी फळ्याजवळ जाऊन तो पुसट डाग पाहिला, अर्धी पाहिली, पुन्हा डाग पाहिला. मग नोंदवहीवर बोट ठेवलं.

"आणि हा एकटाच अपूर्ण का?"

"त्याने समास सोडला नाही, सर."

वर्गात कोणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी तिकडे पाहिलं आणि वर्गप्रमुख मुलीला उभं केलं. "समास म्हणजे काय गं?"

"कोणता, सर? सोडायचा का सोडवायचा?"

सरांनी चष्मा काढला. तो पुसण्यात त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मला वाटलं, माझं दुसरं वर्ष इथेच संपलं.

"सोडवायचा," ते म्हणाले. "सोडव बघू. पीतांबर."

"पिवळं आहे अंबर ज्याचं असा तो."

"पुढचा. राजवाडा."

"राजाचा वाडा."

"मीठभाकर."

"मीठ, भाकर आणि इतर."

मग त्यांनी शेवटच्या बाकाकडे बोट केलं, थेट देवळ्याहून आलेल्याकडे. "तू. भाजीपाला."

तो उठला. "मेथी, शेपू, कोथिंबीर, पालक..."

"विग्रह विचारला मी. बाजार नाही."

"सांगतोय ना सर. आणि वरून जे उरंल ते. म्हणजे भाजी, पाला वगैरे."

आता मात्र सर हसले. आवाज न करता, खांद्यांनी. मग त्यांनी लाल पेन काढून अहवालाच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि कागद घडी घालून घेऊन गेले. मला दाखवला नाही.

दोन दिवस मी कुठल्याही वर्गात नीट बसले नाही. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. त्यांच्यासमोर तोच कागद होता. त्यांनी वाचून दाखवला. "नोंद आणि गृहपाठ यांत पूर्ण मेळ आहे. गृहपाठ आणि अध्यापन यांत मेळ नाही. मुलांना विषय येतो."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"बाई, या शाळेत इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या वर्गात नोंद आणि गृहपाठ जुळले. चुकीचे का होईना, जुळले," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाकीच्या वर्गांत तर बरोबर असले तरी जुळत नाहीत. मी तुमचं नाव संस्थेकडे पाठवलंय. कायम करायला."

"थँक्यू, बाई."

"थांबा. दिवाळीनंतर सगळ्या वर्गांना अर्ध्या. पाचवी ते दहावी. ते तुम्ही बघायचं."

कायम होण्याचा पहिला फायदा हा असा हातात पडला. बाइंडरकडे वह्यांची पोती नेण्याचा विचार करत मी शिक्षकखोलीत आले, तर भूमितीचे सर चहाचा कप घेऊन माझीच वाट बघत होते.

"काय हो बाई, हे काय लावलंत? आता मला रोज गृहपाठ द्यायचा, चौकटीत लिहायचा, नोंदवायचा? तुमच्यामुळे!"

"तुमच्यामुळेच, सर."

"माझ्यामुळे? मी काय केलं?"

त्यांच्या उजव्या कोपरावर खडू होता, रोज असायचा तसा. मी चहा घेतला. त्यांना सांगायचं की नाही हे ठरवायला माझ्याकडे आता निवृत्तीपर्यंतचा वेळ होता.