गोदीवरचा पहारा

नाशिकला रविवार कारंज्याच्या एका जिन्यात माझ्या भाचीच्या नावाची पाटी आहे. गोदावरी सहादू पगारे, आणि खाली ‘चार्टर्ड अकाउंटंट’. पाटी लागली तेव्हा आमच्या कॉलनीतले लोक म्हणाले, पोरगी हुशार म्हणून झाली. तिचा बाप म्हणाला, मी शिकवलं म्हणून झाली. मला कोणी विचारलं नाही, पण मी सांगते. ती संशयी होती म्हणून झाली. आणि संशय म्हणजे काय, हे या घरात माझ्याइतकं कोणाला कळत नाही.

मी धोंडाबाई, सहादूची थोरली बहीण. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच माझ्या नवऱ्याने दुसरी बाई ठेवली. सगळ्या गावाला ठाऊक होतं. विहिरीवरच्या बायका माझ्याशी फार गोड बोलायच्या, आणि मला वाटायचं, माझा स्वभावच तसा लाघवी आहे. कळलं तेव्हा भावाकडे नाशिकरोडला निघून आले ती कायमची. त्या दिवसापासून गोड बोलणारं माणूस दिसलं की मी आधी त्याचे हात बघते. दूधवाल्याने माप तिरकं धरलं की दुसरं माप घ्यायला लावते. डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवून मग गिळते.

सहादूही कमी नव्हता. तो नोटांच्या छापखान्यात कामाला, आणि तिथे सुटताना गेटवर रोज झडती. वर्षानुवर्षं दुसऱ्याला खिसे उलटे करून दाखवणारा माणूस घरी आल्यावर कोणाचे तरी खिसे तपासणारच. असे आम्ही दोघं, आणि आमच्या मध्ये ही एक पोर. तिची आई ती लहान असतानाच गेली. गोदीला मीच वाढवलं.

१९७६ साली गोदी बी.कॉम. झाली. बाप म्हणाला, बँकेचा अर्ज भर. ती म्हणाली, मी सीए होणार. शेजारच्या यशोदाबाईला ते ‘सीआयडी’ असं ऐकू आलं. आणीबाणीचे दिवस होते, त्यामुळे महिनाभर आमच्या दारासमोर कोणी मोठ्याने बोललं नाही. मला मात्र तो महिना बरा गेला.

सीए व्हायला नुसती परीक्षा देऊन भागत नाही, हे मला मागाहून कळलं. एखाद्या सीएच्या हाताखाली तीन वर्षं आर्टिकल क्लार्क म्हणून राबायचं. ती वर्षं पुरी झाल्याशिवाय शेवटची परीक्षा नाही, आणि परीक्षेशिवाय सहीचा अधिकार नाही. गोदीबरोबर मी दोन-तीन ऑफिसांचे जिने चढले. एकाने आडनाव विचारलं आणि मग त्याला आठवलं की जागा भरली आहे. दुसऱ्याने मुलगी आहे म्हणून नको म्हटलं, ते निदान तोंडावर तरी म्हटलं. शेवटी मेन रोडवरचे एक साहेब भेटले. त्यांनी आडनावही विचारलं नाही आणि मुलगी का, हेही विचारलं नाही. चार आकडे घालून गणित दिलं आणि म्हणाले, सोमवारपासून ये. मला हा माणूस पहिल्या दोघांपेक्षा जास्त धोक्याचा वाटला. काहीच विचारत नाही म्हणजे काय?

“गावोगाव जावं लागेल,” साहेबांनी सांगितलं. ते ऐकून सहादूने त्या रात्री जेवणच सोडलं. मग अट घातली की बाहेरगावी आत्या बरोबर जाईल, नाहीतर हे सगळं बंद. गोदीला वाटलं, साहेब हसतील. ते हसले, पण हो म्हणाले. “येऊ देत त्यांना. आमच्या कागदांना हात लावायचा नाही आणि ज्यांच्या वह्या तपासायच्या त्या पार्टीकडून काही घ्यायचं नाही. चहा चालेल.”

ऑडिट म्हणजे काय, ते मी मालेगावच्या वाटेवर गोदीला विचारलं. ती म्हणाली, “दुसऱ्याने लिहून ठेवलंय ते खरं आहे का, हे तिऱ्हाइताने तपासायचं. कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही. स्वतः बघायचं.” मी कपाळावर हात मारला. हे तर मी जन्मभर फुकट करत आले होते.

अशी मी हिंडू लागले. तोवर माझं जग म्हणजे नाशिकरोड ते नाशिक. मालेगावला मागांचा खडखडाट ऐकला, लासलगावला कांद्याच्या धुळीने भरलेलं डोकं धुतलं. ऑफिसच्या एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचं आणि गोदीवर नजर ठेवायची, एवढंच माझं काम. विशेष नजर भिकनवर. हा निफाडकडचा शेतकऱ्याचा मुलगा, गोदीच्या थोडा आधी लागलेला आर्टिकल क्लार्क, दर दौऱ्याला बरोबर. त्याने गोदीला पेन्सिल दिली तरी मी ती पेन्सिल हातात घेऊन बघायची. तो मला आत्याबाई म्हणायचा आणि माझी पिशवी उचलायचा, म्हणून मला त्याचा जास्तच संशय. घरी आलं की सहादू विचारायचा, “काय?” मी म्हणायचे, “काय नाय.” तेवढ्यावर पुढच्या दौऱ्याची परवानगी मिळायची. मला हिंडायला आवडतं, हे मात्र मी घरात कधी बोलले नाही. बोलले असते तर सहादूला माझ्या ‘काय नाय’चाही संशय आला असता.

अडीच वर्षं अशी नीट गेली. मग १९७९ च्या उन्हाळ्यात आम्ही येवल्याला गेलो.

येवल्यात एक शेठ होते, पैठणीचं रेशीम आणि जर विकणारे. त्यांच्या मालावर बँकेने कर्ज दिलं होतं, आणि माल खरंच तेवढा आहे का, ते साहेबांनी बघायला सांगितलं होतं. पेढीच्या मागेच शेठचं घर. पेढीवर काम नसलेल्या बाईने बसायची सोय नव्हती, म्हणून शेठची बायको मालनबाई मला आत बोलवायला आली. मी उंबऱ्यातच सांगून टाकलं, “आम्ही नाशिकरोडचे, बौद्ध.” हे मी नेहमी आधीच सांगते. मग समोरच्याचा चेहरा बघते. चेहरा खोटं बोलायला जरा वेळ घेतो.

मालनबाईचा चेहरा हलला नाही. “ऊन किती झालंय, आत या,” म्हणाली. चहा दिला तो निळ्या फुलांच्या कपात, आणि स्वतःही तसल्याच निळ्या फुलांच्या कपात घेतला. मी काही लगेच विरघळले नाही. कप कुठे विसळतात, ते बघायला मुद्दाम मोरीपर्यंत गेले. सगळे कप एकत्र विसळले गेले. कोनाड्यात एकत्र पालथे घातले गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. आमच्या जुन्या गावी मी करवंटीतून चहा प्यालेली बाई आहे. त्या घरात मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

चहा पिता पिता मालनबाई विचारायची, “आज काय बघतायत हो तुमची मुलगी?” मीही सांगायचे. वह्या बघतात, उद्या बिलं बघणार. बायांच्या गप्पा.

चौथ्या दिवशी शेठ कोपरगावला गेले होते. भर दुपारी सगळं येवलं झोपलेलं. गोदी मला म्हणाली, “आत्या, आज विशेष काही नाही. तू मालनबाईंकडे जरा पड.” मी पडले. पंख्याखाली डोळा लागला तो उन्हं कलल्यावरच उघडला. पेढीवर गेले तर गोदी नाही, भिकनही नाही. मुनीम एकटाच, तोंड पांढरं पडलेलं. त्याने नुसतं बोट केलं. बोळाच्या टोकाला गोदाम होतं, आणि गोदामाच्या दाराला आतून कडी होती.

मी दार बडवायला हात उचलला तेवढ्यात ते उघडलं. गोदी घामाने निथळत होती, पदर कमरेला खोचलेला, हात धुळीने भरलेले. मागे भिकन तराजू उचलून ठेवत होता. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “आत्या, आत्ता काही विचारू नकोस. चल, सहाची एसटी आहे.”

एसटीत भिकन दोन बाकं पुढे बसला. मी गोदीला म्हणाले, “मला झोपवून गेलीस?”

तिने सगळं सांगितलं. जरीच्या पेट्यांत वरच्या थरातली रिळं खरी होती, खालची सगळी नकली. वजनात फरक लागला. अचानक मोजल्याशिवाय हे सापडलं नसतं, आणि मोजताना दार आतून लावायचंच असतं, कोणी काही आत आणू नये आणि बाहेर नेऊ नये म्हणून.

“मग मला सांगायचं. मी दारात बसले असते.”

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “आम्ही जे जे बघणार, ते शेठना आदल्या दिवशीच कळत होतं. तू मालनबाईंशी बोलतेस.”

“म्हंजी तुला माझा संशय आला?”

“हो,” ती म्हणाली. “आला.”

मला भयंकर राग आला. न्हाऊमाखू घालून वाढवलेली पोर, आणि हिला माझा संशय! मी हिच्यावर पहारा ठेवत होते आणि ही माझ्यावर. पण निफाड येईपर्यंत एक गोष्ट मला स्वतःशीच मानावी लागली. तिने सांगितलं असतं, तर मी मालनबाईला सांगितलं असतं. कपटाने नाही, सहज. चहा पिता पिता. मग दुसरा विचार आला आणि तो जास्त बोचला. तो निळा कप मालनबाईने मनाने दिला, की शेठने द्यायला लावला? ती गप्पा मारायला प्रश्न विचारत होती, की विचारायला गप्पा मारत होती? मी इतक्या लोकांचे हात बघितले, तिचे बघायचे राहून गेले.

गोदीने साहेबांना सगळं सांगितलं. सोमवारी साहेब स्वतः येवल्याला जाऊन तिच्यासमोर आणि भिकनसमोर माल पुन्हा मोजणार होते. त्याआधी रविवारी सकाळी शेठ आमच्या दारात उभे. हातात मिठाईचा पुडा. सहादूला वाटलं, मोठा माणूस आपल्या घरी आला.

“पगारे, मलाही मुली आहेत, म्हणून राहवलं नाही,” शेठ म्हणाले. “तुमची मुलगी त्या पोराबरोबर माझ्या गोदामात दुपारभर होती. कडी लावून. येवल्यात बोभाटा झालाय. मोजणीचं निमित्त आहे सगळं. उद्या परत पाठवाल तर लोक काय म्हणतील, तुम्हीच बघा.” एवढं बोलून ते गेले. पुडा तसाच राहिला.

सहादू भिंतीला टेकून बसला. गोदी आतल्या दारात उभी होती. तिच्या तीन वर्षांतले थोडेच महिने उरले होते. बाप आज ‘घरी बस’ म्हणाला असता तर सगळं गेलं असतं, आणि मोजणीला तीच नसती तर येवल्याचं खरंही शेठच्या बाजूने फिरलं असतं.

“आक्का,” सहादू मला म्हणाला, “तू व्हतीस तिथं. पोरगी तुझ्या नजरंआड झाली व्हती का?”

‘नाही’ म्हणाले असते तर तिथेच मिटलं असतं. पण गोदीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी खोटं बोलले असते तर तिने स्वतःच ते खोडलं असतं, एवढी मला ती ठाऊक होती.

“व्हती,” मी म्हणाले. “दुपारभर. मी झोपले व्हते.”

सहादूने डोळे मिटून घेतले.

“पुढचं ऐक की! मला झोपवून गेली. भिकनला सांगितलं, मला नाय सांगितलं. का, तर मी शेठाणीकडं चहा पिते म्हणून. जिनं हिला लहानाची मोठी केली, त्या आत्यावर हिचा भरवसा नाय! आणि तुला वाटतं ही त्या भिकनच्या गोड बोलण्याला भुलंल? अरं, हिला कोण फसवणार? अन् तो शेठ तुझ्या पोरीच्या अब्रूच्या काळजीनं येवल्याहून मिठाई घेऊन आला व्हय? त्याच्या पेट्या उघडल्या हिनं. म्हणून आला तो.”

बोलता बोलता मला रडू आलं. रागाने आलं की कशाने, ते तेव्हा कळलं नाही. सहादूने तो पुडा उचलला, यशोदाबाईच्या कुत्र्यापुढे ठेवला आणि हात धुऊन आला.

“जा उद्या,” तो गोदीला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “पण आक्का, जी तुलाच झोपवून जाती, तिच्यावर तुझा पहारा कशाला? उगा दोन तिकिटं.”

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सोमवारी पहाटे मी गोदीचा डबा भरला. ती म्हणाली, “आत्या, मी बाबांशी बोलते. तुला यायचंय ना?”

“आले तर मी मालनबाईकडं जाईन,” मी म्हणाले. “तिला विचारल्याबिगर मला राहवायचं नाय. मग तू परत माझ्यापासून लपवशील.”

‘नाही लपवणार’ असं ती म्हणेल म्हणून मी थांबले. ती म्हणाली नाही. माझ्या पाया पडली, डबा घेतला आणि स्टँडकडे गेली.

येवल्यात पुन्हा तेच सापडलं. तिची तीन वर्षं पुरी झाली, दोनदा नापास होऊन ८१ साली ती पास झाली, मग पाटी लागली. आता ती धुळे, सटाणा, मनमाड कुठेही एकटी जाते. मी घरी असते. परत आली की माझ्याजवळ बसून सगळं सांगते, कोणी काय लपवलं, कुठे काय सापडलं. काम संपल्यावर सांगते.