काच काढल्यावर

सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अनघा सोमणने आयुष्यात कुणाकडे फारसं काही मागितलं नव्हतं, आणि याचा तिला थोडा अभिमानही होता. लग्न होऊन सिंगापूरला आली तेव्हा नवरा विक्रांत एका आयटी कंपनीत होता आणि ही त्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर. घरी बसून कंटाळली, मग इथल्या अकाउंटिंगच्या परीक्षा दिल्या आणि हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत लागली. आता तिथे तिच्या हाताखाली चौघं आहेत. दोघं पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झाले, फ्लॅट घेतला, मुलगी राधिका इथल्याच शाळेत दहावीला आली. दर दोन वर्षांनी पुण्याला जायचं, आईसाठी साबण आणि तेलाच्या बाटल्या न्यायच्या, येताना भाजणी आणायची. असं सरळ चाललं होतं.

तिने मागितलं ते एकदाच. वडील गेल्यावर.

तिचे वडील रवींद्र भागवत चिंचवडला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर यंत्रांच्या सुट्या भागांच्या रेघा मारायचे आणि रविवारी कंपनीच्या क्वार्टरमध्ये पुढच्या खोलीत स्टँड लावून ऑइल रंगांत चित्रं काढायचे. ब्रश कमी, सुरी जास्त. पोळीवर लोणी थापावं तसा रंग कॅनव्हासवर थापायचे. त्यांची बरीचशी चित्रं नातेवाइकांच्या लग्नांत आहेर म्हणून गेली. एक मात्र त्यांनी कुणाला दिलं नाही. नऊ वर्षांची अनघा, न्हाऊन आलेली, खिडकीशी पाठमोरी केस वाळवत उभी. चेहरा दिसतच नाही. नुसते ओले केस आणि फ्रॉकचा पिवळा रंग. त्या केसांवर रंगाचे इतके जाड उंचवटे होते, की लहानपणी अनघा येता-जाता त्यांवरून बोट फिरवायची आणि वडील आतून ओरडायचे, "हात नको! सुकायचंय अजून!" ते सुकून वर्षं लोटली तरी ओरडायचे.

शेवटच्या आजारपणात त्यांनी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "अनघाचं चित्र अनघाला." तेव्हा आई शेजारी होती, धाकटा भाऊ अभय फोन धरून होता. म्हणून दिवस झाल्यावर अनघा म्हणाली, "मला बाकी काही नको, अभय. घर, भांडी, काय ते तुम्ही बघा. ते चित्र तेवढं दे."

"तुझंच आहे ताई ते," अभय म्हणाला. "नीट पॅक करून मीच आणून देतो."

आणि त्याने आणून दिलं. पुढच्याच उन्हाळ्यात ऑफिसच्या कामाने सिंगापूरला आला, तेव्हा मोठं खोकं सांभाळत क्लेमेंटीला पोहोचला. आठवडाभर राहिला. अनघाने त्याच्यासाठी पुरणपोळ्या केल्या, ईस्ट कोस्टला समुद्रकाठी सायकली चालवल्या, खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये त्याला काडीवर भाजलेले साताय खाऊ घातले. चित्राला नवी चौकट होती, पुढे काच, मागे पक्का बंद बोर्ड.

"काच कशाला रे?" अनघाने विचारलं होतं.

"तुमच्याकडची दमट हवा. बुरशी येईल. थोडं साफ करून वॉर्निशही करून घेतलंय." असं म्हणून अभयने स्वतः ड्रिल घेऊन हॉलच्या भिंतीत खिळा बसवला. चित्र टांगलं, मागे सरला आणि डोळे पुसले. अनघाने ते पाहिलं आणि तिलाही भरून आलं. त्याच संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर भिंत दाखवली. आई म्हणाली, "छान दिसतंय गं. हे असते तर खूश झाले असते."

एकच अडचण होती. चित्र दिसायचं नाही. दिवसा बाल्कनीतला उजेड काचेत चमकायचा, संध्याकाळी छतावरचा ट्यूबलाइट. सोफ्यावर बसलं की नऊ वर्षांच्या अनघाच्या जागी पन्नाशीकडे झुकलेली अनघा चष्म्यासकट दिसायची. दोन वर्षं ती त्या काचेकडे मान तिरकी करून बघत राहिली. मग यंदा घराला रंग काढायचं ठरलं आणि तिने मनावर घेतलं. या चित्राला त्याचा स्वतःचा दिवा हवा.

त्यासाठी ती दोन रविवार बालेस्टियरच्या दिव्यांच्या दुकानांतून हिंडली. पहिल्यांदा आणलेला दिवा इतका पांढरा होता, की पिवळा फ्रॉक हिरवट दिसायला लागला. तो परत केला. दुसरा इतका तांबूस, की चित्रातल्या खिडकीबाहेरचं आभाळच गेलं. राधिका मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "मम्मा, सेम-सेम लाह. हू केअर्स?"

"आय केअर," अनघा म्हणाली.

तिसऱ्या खेपेला दुकानातल्या बाईने अनघाने काढलेला चित्राचा फोटो मोठा करून पाहिला. "हे ऑइल पेंटिंग आहे ना? मग काच काढून टाका," ती इंग्रजीत म्हणाली. "काच ठेवलीत तर कुठलाही दिवा लावा, चमकणारच. आणि छताला भोकं पाडण्याआधी खोली अंधारी करून टॉर्चने बघा. वरून, बाजूने. जाड रंग असेल तर तिरप्या उजेडात फार सुंदर दिसतो. उंचवट्यांची सावली पडते."

त्या सावलीच्या कल्पनेनेच अनघा हरखली. पुढच्या शनिवारी दुपारी तिने पडदे ओढले. विक्रांतने चित्र खाली उतरवलं, चौकटीच्या पट्ट्या सैल केल्या आणि काच अलगद काढून पलंगावर ठेवली. चित्र पुन्हा खिळ्यावर गेलं. विक्रांत शिडीवर चढला, हातात टॉर्च.

"डावीकडून मार," अनघा म्हणाली.

केस उजळले. प्रत्येक उंचवट्याच्या उजव्या बाजूला बारीक काळी सावली. अगदी जसं तिला आठवत होतं तसं. तिच्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

"आता उजवीकडून."

विक्रांतने शिडी हलवली, टॉर्च उजवीकडून धरला. अनघा बघत राहिली. मग म्हणाली, "उजवीकडून म्हटलं मी."

"उजवीकडूनच आहे."

"मग सावल्या अजून उजवीकडेच कशा?"

विक्रांतने टॉर्च खाली नेला, वर नेला. सावल्या हलल्या नाहीत. उजेड कुठूनही येवो, त्या जिथल्या तिथे. अनघा पुढे झाली आणि लहानपणासारखं तिने केसांवर बोट ठेवलं. बोट सरळ घसरत गेलं. जिथे सुरीच्या रंगाचा बांध लागायला हवा होता, तिथे काही नव्हतं. फ्रॉकच्या कोपऱ्यात रंगाला तडा गेलेला दिसत होता. त्या तड्यावरून नख फिरवलं, तर तडाही गुळगुळीत. वरून कुणीतरी पारदर्शक लेप फासला होता आणि त्यात ब्रशच्या खोट्या रेघा ओढल्या होत्या. त्या रेघा केसांवरून, खिडकीवरून, आभाळावरून एकसारख्या गेल्या होत्या. खाली काय चित्र आहे याची त्यांना पर्वा नव्हती.

"प्रिंट आहे," विक्रांत शिडीवरूनच म्हणाला. "चांगल्या फोटोवरून कॅनव्हासवर काढलेलं."

अनघा बाल्कनीत गेली आणि पुण्याला फोन लावला.

"अभय, बाबांचं चित्र कुठे आहे?"

"म्हणजे? तुझ्याकडे."

"माझ्याकडे प्रिंट आहे."

मग अभयने विचारलं, "कोण म्हणालं?"

पुढे कितीतरी दिवस अनघाला हे दोनच शब्द टोचत राहिले. तो दचकला नाही, चौकटवाल्याला शिव्या घातल्या नाहीत, त्याने अदलाबदल केली की काय असंही म्हणाला नाही. नुसतं, कोण म्हणालं.

"मीच म्हणते. मी बोट फिरवून पाहिलं."

"काच काढलीस?"

"काढली."

अभयने सुस्कारा सोडला. "ताई, रागावू नकोस. आईला ते सोडवत नव्हतं. रोज समोर बसून रडायची. मी काय करणार होतो?"

"मला सांगणार होतास."

"तू दुखावली असतीस. तुला चित्र हवं होतं, तुला मिळालं. आईला हवं होतं, तिच्याकडे राहिलं. आणि खरं सांगू? दोन वर्षं तू खूश होतीसच ना? डोळ्यांना काय फरक पडला?"

"तू माझ्या घरात खिळा मारलास, अभय. माझ्यासमोर डोळे पुसलेस."

यावर तो म्हणाला, "ते खोटं नव्हतं," आणि ते खरंही असेल. पण अनघाने फोन ठेवला.

आईशी बोलायला तिने आणखी चार-पाच दिवस घेतले. तोवर तिला आशा होती, की हा सगळा अभयचा खेळ असेल, आईला अर्धवटच माहीत असेल. तिने मुद्दाम साधं विचारलं, "आई, माझ्याकडचं चित्र खरं नाही, हे तुला ठाऊक होतं?"

आई आधी औषधांबद्दल बोलत होती. "होतं," म्हणाली.

"आणि मी भिंत दाखवली तेव्हा तू म्हणालीस, छान दिसतंय."

"मग काय म्हणू?" आईचा आवाज चिडका झाला. "तू तिकडे गेलीस ती गेलीस. माझ्याकडे तू उरलीस ती त्या चित्रात. सकाळी उठले की तुझे ओले केस समोर. तेही गेलं असतं तर मी कुणाकडे बघायचं?"

"मग मागायचंस की माझ्याकडे! मी दिलं असतं. त्याच क्षणी दिलं असतं."

"माहीत आहे मला. म्हणूनच मागवेना. ह्यांनी मरताना तुला दिलेलं मी काढून घेतलं, असं झालं असतं ते."

"आणि आता काय झालं?"

आई हळूच म्हणाली, "अभय म्हणाला, तिला कळायचं नाही."

अनघाच्या मनातून ती दोघं उतरली असतील तर ती या वाक्याने. आईची माया तिला समजत होती. रडूनही झालं होतं. पण त्या घरात ज्या मुलीने वर्षानुवर्षं त्या रंगांवरून बोट फिरवलं, तिच्याबद्दल आई आणि भाऊ समोरासमोर बसून म्हणाले होते, की तिला कळायचं नाही. आणि ती आलेलं खोकं उघडून, दोघांचे आभार मानून, दिव्यांच्या दुकानांतून हिंडत होती. विक्रांतला ती एवढंच म्हणाली, "मला वेड्यात काढलं रे. तेही इतक्या प्रेमाने."

डिसेंबरात ती एकटीच पुण्याला गेली. राधिकाचे क्लास होते, विक्रांतला रजा नव्हती. अभयच्या बालेवाडीच्या फ्लॅटमध्ये, आईच्या खोलीत, पलंगासमोर ते चित्र होतं. पूर्वीचीच लाकडी चौकट, काच नाही. अनघाने कुणाला न विचारता बोट लावलं. बांध लागला. खडबडीत, ओळखीचा, मधल्या खाचेत धूळ साठलेला. सकाळचं ऊन खिडकीतून थेट फ्रॉकवर येत होतं, आणि पिवळा रंग एका बाजूने उडायला लागला होता.

अभय दारात उभा राहिला. "ताई, घेऊन जा. मी पॅक करून देतो. खरंच."

"नको."

"अगं, तुझंच आहे."

"हे तू मागेही म्हणाला होतास," अनघा म्हणाली. "आता तू दिलंस तरी मी घरी जाऊन आधी टॉर्च काढीन. असं चित्र मला नको."

अभयचा चेहरा पडला. तो काही बोलणार तोच आई पलंगावरून म्हणाली, "अनघा, ऊन लागून रंग जातोय बघ. संध्याकाळी तर काहीच दिसत नाही मला. तू तिकडे एवढे दिवे बघितलेस. इथे कुठला लावायचा सांग ना."

अनघाला सगळं सांगता आलं असतं. पडदा कुठला, चित्र कुठल्या भिंतीवर हलवायचं, दिवा किती लांब, किती तिरका, त्याचा रंग कुठला म्हणजे पिवळ्याचं हिरवं होणार नाही. ते सगळं ती याच चित्रासाठी शिकली होती. तिने आईकडे पाहिलं. आई खरोखरच विचारत होती. त्यात ना लाज होती, ना डाव. आपण काही तोडलंय हे तिच्या गावीच नव्हतं.

"ऊन येतं तिथून हलव, एवढं कर," अनघा म्हणाली. "दिव्याचं अभयला विचार." आणि ती चहा टाकायला गेली.

सिंगापूरला परत आल्यावर तिने ते प्रिंट फेकलं नाही. इथल्या फ्लॅटना असते त्या बॉम्ब शेल्टरच्या कोठीत, सुटकेसच्या मागे उभं करून ठेवलं. भिंतीवर तिने विद्यापीठातल्या मुलांच्या प्रदर्शनातून घेतलेलं शाईचं एक रेखाटन लावलं. बंदरातल्या क्रेन. ते वडिलांना आवडलं असतं असं विक्रांत म्हणाला, तेव्हा ती म्हणाली, "बाबांचा इथे काही संबंध नाही. मला आवडलं." दिवा बसवून घेतला, नीट तिरका.

अभयशी ती आता दिवाळीला आणि राखीला बोलते. तोही जपून बोलतो, जणू सगळ्याची पावती ठेवायची आहे. आईचा फोन दर रविवारी येतो, पूर्वीसारखाच. गुडघे, शेजारीण, भाजीचे भाव. फक्त आई आता आपल्या खोलीतून बोलत नाही, फोन घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसते, मागे डब्यांची फळी दिसते. का, ते अनघा विचारत नाही.