खाणीच्या गाडीचे गार्डसाहेब

आधी कोट खाली ओढायचा, मग घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "आमच्या रेल्वेत असलं चालत नाही!" एवढं झाल्याशिवाय गार्डसाहेबांचं बोलणं सुरूच व्हायचं नाही.

त्यांची रेल्वे कसली म्हणाल? महायुद्धाच्या दिवसांत चौकजवळच्या डोंगरात आमच्या ठेकेदाराची दगडाची खाण होती. खाणीपासून खाली सडकेपर्यंत जेमतेम हात-सव्वा हात रुंदीचे रूळ टाकलेले, आणि त्यावर दगडांचे लोखंडी डबे ओढणारं एक दमेकरी इंजिन. मी तिथला हजेरी कारकून, ते गाडीवरचे मुकादम. पण मुकादम म्हणून हाक मारली, तर ओ देत नसत; गार्डसाहेबच म्हणावं लागे. मोठ्या रेल्वेत गार्ड व्हायचं राहून गेलं होतं, त्याचा सूड ते आमच्यावर उगवत. भर वैशाखात काळा कोट, काखेत दोन बावटे आणि तोंडात सदा शिट्टी. गाडी सुटताना शिट्टी, थांबताना शिट्टी, रुळावर शेळी आली तरी शिट्टी.

एकदा ठाकूरवाडीतल्या हौशीला त्यांनी लाल बावटा दाखवून रुळाअलीकडे उभं केलं. तिच्या डोक्यावर मोळी होती.

"गाडी कुठं हाय रं बाबा?"

"यायची आहे."

"मंग आली की हाक मार. तवर मी पानी भरून येते."

आम्ही पोट धरून हसलो. साहेबांनी मात्र बावटा खाली घेतला नाही. गाडी तिकडं खाणीतच रुळावरून उतरून पडली होती.

मग एका दुपारी वाटेतल्या एका चढावर इंजिनाची कडी निसटली आणि दगडांनी भरलेले डबे इंजिन सोडून उलटे उतारावर धावत सुटले. खाली रुळालगत बायका खडी फोडत बसल्या होत्या. हौशीही त्यांत होती. चढाखालीच असलेले साहेब रुळांच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी डब्यांना लाल बावटा दाखवला! शिट्टीही फुंकली. डबे थांबले नाहीत, ते ठीक. पण बायकांनीही मान वर केली नाही. दिवसभर वाजणाऱ्या शिट्टीकडे कोण बघणार?

तेव्हा साहेबांनी बावटा टाकला आणि उतारावरून पळत सुटले. छापील मराठी बोलणारा तो माणूस आपल्या गावच्या बोलीत जीव तोडून ओरडत होता, "पळा गं! बायांनू, पळा!"

बायका पळाल्या. सगळ्या वाचल्या. वळणावर डबे उलटले आणि एक धोंडा साहेबांच्या पायावर आला.

दवाखान्यात ठेकेदार आला. त्याला एवढंच विचारायचं होतं, "अपघात कसा झाला?" पायाची भरपाई मागायची हीच वेळ होती. मी खुणा करत होतो. साहेबांनी उघड्या छातीवरूनच कोट ओढल्यासारखं केलं आणि म्हणाले, "अपघात? आमच्या रेल्वेत अपघात होत नाहीत."

ठेकेदारानं ते लगेच मान्य केलं. अपघातच नाही, तर भरपाई कसली? असा आज्ञाधारक मालक मी पुन्हा पाहिला नाही.

पाय गुडघ्याखाली गेला. साहेब खालापूरला बहिणीकडे जाऊन पडले. लढाई संपली तशी खाण बंद झाली आणि ठेकेदारानं रूळ उपटून भंगारात विकले.

पुढं एकदा हौशी बाजारात भेटली. करवंदं विकायला खालापूरला जाई, तेव्हा ती त्यांच्या दारावरून डोकावत असे.

"कसे आहेत गं?" मी विचारलं.

"बरं हाय. गाडी कशी चाललीय, इचारत्यात."

"मग तू काय सांगतेस?"

तिनं टोपली डोक्यावर घेतली.

"सांगते, चाललीय. तुमी नाय म्हून जरा उशिरा येते."