अकरा वर्षांचं विरजण

सगळे तिला आंबटमावशी म्हणत. ठेवणाऱ्यांनी ते नाव चेष्टेनं ठेवलं, तिनं ते दागिन्यासारखं मिरवलं. माशीपालनाच्या त्या लांबलचक शेडमध्ये आधी तिचा वास यायचा, मग ती.

शेडमध्ये भाजीचा कचरा खाऊन अळ्या पोसत. बहुतेक कोंबड्यांच्या खाद्याला जात, थोड्या पैदाशीला राखत. राखलेल्यांच्या माशा होऊन उडाल्या की मागं उरायची काळपट, कुरकुरीत टरफलं. पोतीच्या पोती. पूर्वी ती उकिरड्यावर जात.

मावशी त्याआधी दूधडेअरीत भांडी घासायची. नासलेल्या दुधाच्या आंबट निवळीत पडलेली वस्तू कशी सैल होते, कशी स्वच्छ निघते, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. तिनं एका पिंपात टरफलं, निवळी आणि थोडी साखर घातली, झाकण लावलं आणि वाट पाहिली. आठवडा उलटल्यावर टरफलांतला चुना सुटला, चिकट अंश गळून गेला आणि हाती आला लवचीक, फिकट पापुद्रा. शिकलेले लोक त्याला कायटिन म्हणाले. जखमेच्या पट्टीला लागतं, घाण पाणी निवळायला लागतं. इतर ठिकाणी ते ॲसिडात आणि कॉस्टिक सोड्यात शिजवून काढतात, आणि ते जळजळीत पाणी शेवटी कुठल्या तरी ओढ्याच्या गळ्यात ओततात. मावशीच्या पिंपातलं पाणी मात्र अळ्यांच्याच खाद्यात परत जाई.

दर खेपेला ती बादलीभर आंबट पाणी मागं राखायची, पुढच्या खेपेचं विरजण म्हणून. असं अकरा वर्षं. लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा सकाळी येऊन ती त्याला साखर घालून गेली होती.

त्या दिवशी कायटिन घेणाऱ्या मोठ्या कंपनीची बाई पद्धत बघायला येणार होती. मावशीनं झाकण उचललं तर ओळखीचा वास नाही. विरजणाची बादलीही रिकामी. पिंपात बोट बुडवलं, साबणासारखं बुळबुळीत लागलं, मग चुरचुरलं. तिनं ते घाईघाईनं नळाखाली धरलं.

"जावईबापू, माझं पाणी कुठंय?"

शेडच्या मालकांचे जावई महिन्यापूर्वीच देखरेखीला आले होते. "ते घाणेरडं? ओतलं गटारात. पाहुण्यांसमोर तसला वास शोभतो का? कॉस्टिक टाकलंय. बघा, एका रात्रीत टरफलं कशी साफ!"

"आणि हा व्हिनेगरचा वास कसला?"

"तो जमिनीवर शिंपडलाय. आंबवल्यासारखं वाटायला हवं ना!"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंत होतं ते. लेकरासारखं राखलेलं. आणि या उपटसुंभानं ते मोरीच्या पाण्यासारखं सांडलं!

मालक धावत आले. "झालं गेलं, मावशी. तुम्ही फक्त पिंपाशी उभ्या राहा आणि मान हलवा."

"मान हलवायला नंदीबैल आणा."

तेवढ्यात पाहुणी बाई आलीच. चष्मा, वही, साधी चप्पल. मालकांचा आवाज मधाळ झाला. "आमच्याकडं रसायनाचा थेंब नाही, बाई. या पिंपात लहान मूलसुद्धा हात धुवेल."

"मग मालक, तुम्हीच धुवा की," मावशी म्हणाली. "बाह्या मी वर करते."

मालकांचा हात पँटच्या खिशात गेला.

"मावशी फार गमतीच्या आहेत," जावई हसले.

"बरं, तुम्ही धुता? कालवलंय तुम्हीच."

जावयांनाही अचानक खिसा सापडला. मग त्या बाईनंच वही काखेत मारली आणि हात पुढं केला. मावशीनं तिचं मनगट घट्ट धरलं.

"नको, बाई. तुमचा काय गुन्हा? कॉस्टिक आहे त्यात. माझं पाणी यांनी फेकलं. हा माल माझा म्हणून कुणाला दाखवू नका."

"उद्यापासून कामावर यायचं नाही!" मालक ओरडले.

"नाही येणार. या पाण्याचं काय करता ते सांगा."

"काय करणार? गटारात," जावई बोलून गेले आणि जीभ चावली.

मावशीनं पिंपावर झाकण दाबून बसवलं आणि वर चढून बसली. "गटार खालच्या वस्तीतून जातं. पोरं त्यात पाय बुडवतात. हे वाहून न्यायला नीट गाडी बोलवा, मग मी उठते."

बाई वहीत लिहीत होती. मालकांनी एकदा तिच्याकडं, एकदा मावशीकडं पाहिलं. शेवटी त्यांचा हात खिशातून बाहेर आला. त्यात फोन होता.