नागूचं कॉलेज

स्वतःच्या मुलाबद्दल खरं बोलणारा बाप मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याचा मुलगा या जगात नव्हता. हे नागूचे वडील. हिंगोलीच्या बाजारात त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. नागू म्हणजे नागनाथ, औंढ्याला नवस बोलून झालेला त्यांचा एकुलता एक मुलगा. शाळेत तो माझ्या शेजारी तरटावर बसायचा. आम्ही चौथीत असताना त्याला ताप आला आणि चार दिवसांत तो गेला. त्यानंतर जून महिन्यात आम्ही बाकीची पोरं इंग्रजी पहिलीत, म्हणजे आताच्या पाचवीत गेलो, तेव्हा त्याच्या वडिलांनी मला दुकानावरून हाक मारली, माझ्या नव्या पुस्तकांची नावं विचारली आणि शांतपणे म्हणाले, "आमचाबी गेला पहिलीत. भूगोलात काठावर हाय, पन गेला." मी घाबरून घरी पळालो. आईनं मला जवळ घेतलं आणि बजावून सांगितलं की काका जे विचारतील त्याचं नीट उत्तर द्यायचं आणि हसायचं नाही. मी ते सात वर्षं पाळलं.

आमची शाळा खाजगी. निजामाच्या राज्यात सरकारी शाळेत सगळं उर्दूत चालायचं, म्हणून गावातल्या चार शहाण्या माणसांनी एका जुन्या गोदामात मराठी शाळा काढली होती. तिच्या भिंतींना सरकीचा वास येई. पण मॅट्रिकचा निकाल लागला की ह्याच शाळेतल्या पोरांच्या बापांना अशी काही झळाळी चढायची की विचारू नका. कोणाचा मुलगा कुठल्या कॉलेजात गेला ह्यावर त्या बापाची गावातली जागा ठरायची. पहिला मान पुण्याचा. दुसरा हैदराबादचा, पण हे हैदराबादला मुलगा पाठवणाऱ्यांना मान्य नव्हतं. मग नागपूर. अमरावती सगळ्यांत शेवटी, कारण ती जवळ. लांबचं कॉलेज ते मोठं कॉलेज असा साधा हिशेब होता. मुलगा जितका लांब जाईल तितका बाप ताठ चालायचा.

ही सगळी मोजमापं नागूच्या वडिलांच्या दुकानात व्हायची, कारण कॉलेजला जाणाऱ्या प्रत्येक पोराला पेटी लागायची आणि हिंगोलीत पेट्या तेवढ्या ह्यांच्या. गिऱ्हाईक आलं की आधी पेटीचं माप नाही, कॉलेजचं नाव विचारणार. पुण्याला जाणाऱ्याला मोठी पेटी, दोन कड्या, कोपऱ्यांना पितळी पट्टी. अमरावतीवाल्यानं मोठी पेटी मागितली तर साफ नकार. एकदा पुसेगावच्या एका मालदार गृहस्थानं मुलासाठी मोठीच पेटी हवी म्हणून हट्ट धरला, तेव्हा ह्यांनी हातोडी खाली ठेवून त्यांना सुनावलं, "अमरावतीला एवढी काहून? सनासुदीला घरी येऊन राहील ते पोरगं. पिशवी दिली तरी भागंल." गृहस्थ महिनाभर बोलले नाहीत. आणि पेटी तयार झाली की झाकणावर पांढऱ्या रंगानं पोराचं नाव आणि खाली कॉलेजच्या गावाचं नाव घालायचं काम ते स्वतः करीत. गावाचं नाव घातल्याशिवाय पेटी दुकानाबाहेर जात नसे. त्या दिवशी पोराच्या बापानं तिथंच पानसुपारी द्यायची, असा रिवाज पडला होता.

पानसुपारी चघळत बाप लोक जे काही बोलत ते ऐकायला मी मुद्दाम पेट्यांच्या आडोशाला बसत असे. तिसऱ्या वर्गात पास झालेला मुलगा तिथं दुसऱ्या वर्गात निघायचा. कुणाच्या मुलाला प्रिन्सिपॉलनी स्वतः पत्र धाडून बोलावलेलं असायचं, कुणाच्या मुलाचं इंग्रजी ऐकून साहेब चाट पडलेला असायचा. माझे वडील अडत्याचं काम करीत, एरवी बाजारात शब्दाला पक्के; पण तेसुद्धा माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत इतकं पुढं जात की मला पेट्यांमागं लाज वाटे. ह्या सगळ्यात नागूचे वडील पत्रा कापता कापता मान वर न करता म्हणत, "आमचं यंदा गनितात गडबडलं. ध्यान न्हाई त्याचं. पोहायला जातंय." पहिल्या वर्षी काही जण उठून गेले होते. पण हळूहळू सवय झाली. समोरचे कापडवाले करीमचाचा, ज्यांचा मुलगा आमच्याच वर्गात होता, ते तर आपणहून विचारायचे, "क्यों भई, नागू का क्या हाल है?" आणि ह्यांचं उत्तर मन लावून ऐकायचे.

नागूचे मार्क ठरवण्याची त्यांची रीत मोठी कडक होती. परीक्षा झाली की मला गाठून प्रत्येक पेपर समजावून घेणार. कोणता प्रश्न अवघड, कोणता सोपा, मी काय लिहिलं. मग चौथीपर्यंत नागू माझ्या किती मागे असायचा ते आठवून, तेवढेच मार्क कमी करून त्याचा निकाल लावणार. मला एका वर्षी भाषेत फार चांगले मार्क पडले तेव्हा मी म्हटलं, "काका, नागूलापण चांगले पडले असतील." ते माझ्यावर चिडले. "तू अभ्यास केलास म्हून तुला पडले. त्यानं केला का? फुकटचं न्हाई द्यायचं." इंग्रजी तिसरीत त्यांनी त्याला दोन विषयांत नापास केला आणि हेडमास्तरांकडं जाऊन, पोराला वरच्या वर्गात ढकला म्हणून हात जोडले. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी चष्मा पुसला आणि, "बरं, ढकलतो, पण पुढच्या वर्षी लक्ष द्या," म्हणाले. त्या वर्षी काकांनी खरोखरच लक्ष दिलं. दिवेलागणीला दुकानातून घरात हाक ऐकू यायची, "नागू, बसलास का रे अभ्यासाला?" घर दुकानाच्या मागंच होतं. आतून काकू तितक्याच सवयीनं ओ देत, "बसलाय, बसलाय." मला त्या हाकेचं हसू यायचं, आणि त्या उत्तराचं रडू.

असं करत करत आम्ही मॅट्रिक झालो. निकाल लागला, कॉलेजांना अर्ज गेले, उत्तरं आली. करीमचाचांच्या मुलाला हैदराबाद मिळालं. मला पुण्याच्या कॉलेजचं पत्र आलं आणि माझे वडील ते कोटाच्या वरच्या खिशात, अर्धं बाहेर दिसेल असं ठेवून तीन दिवस बाजारात हिंडले. दुकानात रोज पानसुपारी चालू होती. नागूचे वडील नावं घालत होते, गावं घालत होते, पण नागूचं काय झालं ते सांगत नव्हते. कोणी विचारलं तर, "चाललाय इचार," एवढंच. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांना निकाल लावता येत नव्हता. काम करताना त्यांच्या बोटाला पत्रा लागला, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

एका दुपारी ते आमच्या घरी आले. वडील बाजारात होते. आईनं दिलेलं पाणी त्यांनी हातातच धरून ठेवलं आणि मला म्हणाले, "लेकरा, तू त्याच्या बाजूला बसलेला हायेस. तुलाच ठाऊक. खरं सांग. पुन्यानं घेतला असता का त्याला?"

मी सतरा वर्षांचा होतो, पुण्याला निघालो होतो, आणि मला सगळ्या जगाचं भलं करावंसं वाटत होतं. ह्या माणसानं सात वर्षं आपल्या पोराला एक मार्क फुकट दिला नाही. आता एक गोड शब्द आपण बोललो तर कुणाचं काय जातं, असं मला वाटलं. मी म्हटलं, "घेतला असता, काका. नक्की घेतला असता."

त्यांनी विचारलं, "आन गनित?"

"मॅट्रिकच्या वर्षी सुधारलं असतं त्याचं गणित. मी शिकवलं असतं."

"अमरावती म्हनतोस का? बराबर इचार करून सांग. अमरावती असंल."

"नाही काका, पुणंच."

"मॅट्रिकलाच अडकला असता, असं न्हाई वाटत तुला?" हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला वाटलं, संकोच करतायत. मला आणखीच जोर चढला. मी नागूची हुशारी सांगायला लागलो. पाढे कसे घडाघडा म्हणायचा, कविता कशी एकदा ऐकून पाठ व्हायची, नसलेलंही काही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला. "व्हय. तू खोटं काहून बोलशील," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नागू पुण्याला जाणार म्हणून पानसुपारी दिली. मला वाटलं होतं, लोक टाळतील. पण सगळे आले. करीमचाचा अत्तराची कुपी घेऊन आले आणि त्यांनी प्रत्येकाच्या मनगटाला अत्तर लावलं. माझे वडील आले, त्यांनी विडा घेतला, आणि ज्या माणसानं पुण्याच्या बाबतीत कुणाला शेजारी उभं राहू दिलं नव्हतं, ते म्हणाले, "चला, आपली दोघं पोरं बरोबर जातील. सोबत झाली." माझ्या वडिलांचा मला आयुष्यात इतका अभिमान कधी वाटला नाही. काका मात्र कोणाशी फार बोलले नाहीत. निघायच्या दिवशी ते स्टेशनवर आले. त्यांनी खिडकीतून दशम्यांची दोन गाठोडी आत दिली, एक माझं आणि एक नागूचं. गाडी हलली तशी ते डब्याबरोबर चार पावलं चालले आणि मग थांबले. पूर्णा स्टेशन येईपर्यंत मी ती दोन्ही गाठोडी मांडीवरच ठेवली होती.

दिवाळीला घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी दुकानावर गेलो. काका काम करत होते. माझी चौकशी केली. जेवण कसं आहे, थंडी कशी आहे. तेवढ्यात दिवे लागले. मी सवयीनं त्यांच्या हाकेची वाट पाहत राहिलो. हाक आली नाही. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "जूनपासनं न्हाई मारत हाक. घरात कुनी असंल तर मारावं ना."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. सात वर्षं ते पोर ह्या घरात राहत होतं. अभ्यासाला बसत होतं, पोहायला जात होतं, बोलणी खात होतं. त्याला मी उचलून पुण्याला नेलं होतं, आणि तिथं मी एकटाच राहत होतो. काका माझ्या घरी आले होते, ते त्याला पास करून घ्यायला नव्हे. नापास करून घ्यायला आले होते. स्वतःच्या हातानं ते होईना, म्हणून माझ्याकडं आले होते.

"एकदा न्हाई म्हनला असतास," काका पत्र्यावरची नजर न काढता म्हणाले, "तर दुकानात बसवला असता रे त्याला. कातर धरायला शिकवली असती. चार लोक हसले असते, हसू दे. शेजारी तर बसला असता." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी घाईघाईनं म्हटलं, "काका, तिथं पहिल्या वर्षी पुष्कळ पोरं नापास होतात. नागूपण होईल. परत येईल तो."

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं आणि मान हलवली. "तू एवढी हुशारी सांगितलीस त्याची. आता नापास कसा करू? खोटं व्हईल ते."

त्यानंतर मी सुट्टीला आलो की ते विचारत, "कसा हाय तिकडं?" आणि मी सांगे, "बरा आहे." ह्याच्यापुढं आमचं बोलणं जात नसे. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी मी पदवी घेऊन आलो. गावात सगळीकडं आनंद होता, आमच्या घरीही. काकांनी मला दुकानात बसवून घेतलं आणि नोकरी कुठं धरणार म्हणून विचारलं. मी म्हटलं, पुण्यातच मिळाली आहे. त्यांनी कातर खाली ठेवली. "मंग त्यो बी तिकडंच ऱ्हाईल," म्हणाले. "तिकडं गेलेलं पोरगं कुनाचंच परत आलेलं न्हाई." आणि ते खरंच होतं. पानसुपारी दिलेल्या प्रत्येक बापाचं घर तेव्हा रिकामं होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं.

काका गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माणसं मला सरळ स्वभावाचा म्हणतात, आणि मी ते ऐकून घेतो. पण त्या दुपारी मी खरं बोललो असतो, तर नागू हिंगोलीतच राहिला असता.