हरण्याची पत्री

लोखंडाचा एक लहानसा तुकडा जागच्या जागी थरथरताना मी पाहिला, तो अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत पुष्कळ काही पाहिलं; पण भरदिवसा, ठाण्याच्या आवारात, पंचांच्या देखत अंगावर काटा आला तो त्या एकाच वेळी. नावं कुणाचीच घेणार नाही. ती मंडळी आजही त्याच गावात, भिंतीला भिंत लावून राहतात.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यात, शिराळ्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असतानाच फोन आला. शर्यतीचा बैल घेऊन निघालेली एक पिकअप उतारावर ब्रेक न लागल्यानं उसात घुसली होती. उताराच्या तळाला एस.टी.चा थांबा होता आणि थांब्यावर शाळेला निघालेली पोरं उभी होती. मालक स्वतः गाडी चालवत होता. त्यानं पोरं पाहिली आणि गाडी सरळ बांधावरून उसात घातली. त्याच्या मांडीचं हाड मोडलं, पण पोरांच्या अंगावर साधा ओरखडा नाही. आम्ही पोचलो तेव्हा बैल हौद्यात ताठ उभा होता आणि मान बाहेर काढून समोरचा ऊस खात होता. मालकापेक्षा त्याचीच तब्येत ठणठणीत!

गाडी ओढून ठाण्यात आणली. खाली वाकून पाहिलं, तर मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची नळी कापलेली. कापाच्या जागी धातू लखलखत होता.

"साहेब, कुणीतरी कानस मारलीया," हवालदार म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

दवाखान्यात मालकाचा जबाब घेतला. त्याचं एकच पालुपद होतं. "भावकीतलंच काम हाय, साहेब. आमचा बैल फुडं पळतुया, ते त्यास्नी बघवत न्हाई." त्याचं आणि त्याच्या चुलतभावाचं घर शेजारी शेजारी. वाटणीवरून दोन्ही घरांची बोलचाल बंद होती आणि शर्यतीच्या मैदानात तर दोघं उभे वैरी. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा अज्ञाताविरुद्ध दाखल केला.

दुपारी खबऱ्या आला. मैदानाबाहेर चहाचा गाडा लावणारा माणूस. पोलिसांना खबर देताना हे लोक आधी इकडेतिकडे बघतात, तसा हाही बघत होता. "आदल्या सांजंला त्या चुलतभावाचा पोरगा गाडीखाली शिरला हुता. हातात कानस हुती. म्या ह्या डोळ्यांनी बघितलं."

झालं! माणूस सापडला, हत्यार सापडलं, भांडण तर जुनंच. तपास असा बसल्या जागी जुळून आला की माझ्यासारख्या तापट माणसाला फार बरं वाटतं. पोराला चौकशीला आणलं. अटक अजून दाखवली नव्हती.

घराणं फौजेतलं. पोराचा आजा आणि थोरला चुलता फौजेत होते, आणि हा पोरगाही भरतीत निवडला गेला होता. मैदानी चाचणी झाली, मेडिकल झालं, राहिली होती फक्त पोलीस पडताळणी. तो कागद माझ्याच टेबलावर पडला होता. आरोपी म्हणून त्याचं नाव लिहिलं की त्याची वर्दी अंगावर येण्याआधीच उतरली असती. हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं, आणि दारात हात जोडून उभ्या असलेल्या त्याच्या बापाला सगळ्यांत जास्त.

"कानस कशाला होती रे?"

"बैलाची खुरं घासायला, साहेब. आमची बी जोडी पळाय हुती."

"आणि त्यांच्या गाडीखाली काय करत होतास?"

इथं पोरानं मिठाची गुळणी धरली. मी दम दिला, टेबलावर हात आपटला, गोडीनंही विचारलं. बाकी सगळ्याला उत्तर देई. ह्या एका प्रश्नाला मान खाली. एक गोष्ट मात्र मला खटकली. पोलिसाला भिणारा माणूस पोलिसाकडे बघतो. हा सारखा दारातल्या बापाकडे बघत होता.

तेवढ्यात गाडी तपासायला मोटार वाहन निरीक्षक आल्या. वयानं तरुण, बोलायला चटपटीत. गाडीखाली आडव्या होऊन त्यांनी काप पाहिला आणि बाहेर येऊन विचारलं, "साहेब, ह्या गाडीची आधीची काही तक्रार?"

"मॅडम, नळी कापलीय. तक्रार कसली आता?"

"तरी विचारून बघू या की."

दवाखान्यात ठेवलेल्या आमच्या शिपायाला फोन लावला आणि तो मालकाच्या कानाला लावायला सांगितला. स्पीकरवर सगळं ऐकू येत होतं.

"गाडी लय थरथरती, मॅडम. चाकं बॅलन्स करून आणली, फरक न्हाई. परत केली, तरी न्हाई."

"चालताना थरथरते, की चालू करून उभी ठेवली तरी?"

"उभी असली तरी. शीट गदागदा हालतंय."

"आणि ब्रेक?"

"मऊ लागत हुता. ऑइल कमी व्हायचं, मी आपला वरनं वतत हुतो."

"ते जातं कुठं, हे नाही पाहिलं?"

"न्हाई बगा."

मॅडमनी फोन ठेवला. "उभ्या गाडीत थरथर, म्हणजे दोष चाकांचा नाही. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं गेलीत, सगळा हादरा खाली चॅसीला बसतोय. आणि ऑइल इतके दिवस गळतंय, म्हणजे नळी काल कापलेली नाही. ती झिजत आली होती, जोरात ब्रेक दाबल्यावर फुटली. मागचा ब्रेक गेला, पुढचा एकटा उतारावर किती पुरणार? पण झिजवली कशानं, ते बघायचंय. इंजिन चालू करा."

पंचांना बोलावलं. गाडी पुढून नुसती चेपलेली होती, त्यामुळे इंजिन लगेच चालू झालं. सगळी गाडी हिवताप भरल्यागत थरथरू लागली. मी, मॅडम आणि हवालदार खाली बॅटरी मारून बघत होतो. कापाजवळ उसातल्या चिखलाचा एक गोळा होता. तो मघाशी आम्ही गाडीचाच भाग समजून सोडून दिला होता. हादऱ्यानं त्याचा चिखल झडू लागला. आत तारेनं टांगलेली बैलाची पत्री होती, खुराला ठोकतात ती लोखंडी पट्टी. आणि ती पत्री नाचत होती! प्रत्येक थरथरीबरोबर तिची कड नळीच्या कापात जाई, बाहेर येई, पुन्हा बरोबर तिथंच जाई. केसभरसुद्धा इकडेतिकडे नाही. जणू कुणी न दिसणारा माणूस खाली निजून सावकाश कानस चालवत होता.

"आयला!" हवालदाराच्या तोंडून निघालं. एका पंचानं तर हातच जोडले. चिमूटभर लोखंड, त्याला ना हात ना मन, आणि त्यानं पोलादाची नळी कापली होती! काखेत कळसा आणि आम्ही गावाला वळसा घालून वैरी शोधत होतो.

तरी पोरगा तिथं कशाला शिरला होता, हे राहिलंच होतं. पंचनामा करून पत्री सोडवली आणि काही न बोलता त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. मी विचारायच्या आत त्यानं ती दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली आणि ढसाढसा रडायला लागला.

"हरण्याची हाय, साहेब."

हरण्या म्हणजे दोन्ही घरं एक असताना दावणीला असलेला बैल. ह्या पोरानंच त्याला लहानपणी चारलं-धुतलं. वाटणीत बैल तात्यांकडे, म्हणजे ह्या गाडीमालकाकडे गेला आणि तिथंच म्हातारा होऊन मेला. गाडीला दृष्ट लागू नये म्हणून तात्यांनी त्याची पत्री खाली टांगली होती. पोराला पडताळणीची धाकधूक होती. मोठ्या कामाआधी हरण्याच्या पाया पडायची त्याची लहानपणापासूनची सवय. म्हणून सगळ्यांची नजर चुकवून तो वैऱ्याच्या गाडीखाली शिरला आणि पत्रीला हात लावून आला.

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बा म्हणालं हुतं, त्येंच्या उंबऱ्याला वाकलास तर घरात घेणार न्हाई."

दारातल्या बापानं आत येऊन पोराच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्याही डोळ्यांना धार लागली होती. "आरं लेकरा, हरण्याला वाकायला मी कवा नगं म्हणालो रं?"

पडताळणीच्या कागदावर मी त्याच बैठकीत सही केली. गुन्हा 'क' समरीला गेला, म्हणजे गैरसमजातून नोंदलेला म्हणून बंद झाला. त्या दिवसापासून एक शिकलो. आरोपी गप्प बसला की आपण लगेच पाप हुडकतो. पण माणूस मायेपोटीही गप्प बसतो. आणि आयतं जुळून आलेलं प्रकरण दिसलं की आधी इंजिन चालू करून बघावं.

पुढं मालकाला सगळं सांगायला दवाखान्यात गेलो. मागोमाग बाप-लेकही आले आणि दाराशीच घुटमळत उभे राहिले. मालकानं सगळं ऐकून घेतलं. आपल्याच हातांनी तार पिळली होती, हे कळल्यावर त्यानं आपले दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले.

"साहेब, कागदात दोष कुणाचा लिवला?"

"इंजिनाखालच्या रबरांचा."

"हरण्याचं नाव न्हाई न्हवं आलं कुटं?"

"नाही. 'बैलाची जुनी पत्री' एवढंच लिहिलंय."

त्यानं सुटकेचा श्वास टाकला. मग मान वळवून दाराकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या घराशी बोलला.

"भाईर का हुबा रं? आत ये. फौजेत कवा जायाचं?"