सुट्टीच्या दिवशीची कुस्ती

सोमवारी सकाळी प्रतीक्षानं कसेबसे वीस जोर मारले आणि मॅटवर पालथी पडून राहिली. एरवी ही पोरगी शंभर झाले तरी विचारते, "मावशी, अजून?" त्या दिवशी पाणी प्यायलासुद्धा उठेना.

मी शिरूरला मुलींची तालीम चालवते. मला कुणी शिकवलं नाही. भाऊ तालमीत जायचा, मी दारात बसून बघायचे आणि घरी येऊन गोठ्यातल्या खांबाशी डाव करायचे. लोक हसायचे. आता त्याच लोकांच्या नाती माझ्याकडं येतात. असो, सांगायचं ते वेगळंच आहे.

आमचा आठवडा ठरलेला असतो. सोमवारी ताकद, म्हणजे जोर, बैठका, दोर चढणं. मंगळवारी डाव. बुधवारी पळणं. गुरुवार-शुक्रवार पोरी आपसात खरोखरच्या कुस्त्या धरतात. शनिवारी अंग मोकळं करायचं आणि घरी जायचं. रविवार सुट्टी. लोकांना वाटतं, व्यायामानं ताकद वाढते. अहो, व्यायामानं अंग मोडतं! ताकद वाढते ती नंतर, खाऊनपिऊन झोपल्यावर. अंगावर जेवढं ओझं टाकलं त्याला आम्ही लोड म्हणतो, आणि ते भरून निघतं त्याला रिकव्हरी. दुधाला विरजण लावलं की भांडं हलवायचं नसतं ना, तसंच.

प्रतीक्षाचं मात्र उलटं चाललेलं. सुट्टी घेऊन आली की मेल्यासारखी. गुरुवारी कुठं जिवंत व्हायची, पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. आणि दौंडचं सिलेक्शन तोंडावर आलेलं. तिच्या वजनगटातून एकच मुलगी राज्य स्पर्धेला जाणार होती, आणि त्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. यंदा हुकलं की मग थोरल्या बायकांत उतरायचं. तिथं नव्या पोरीला उभं राहायलाच दोन-तीन वर्षं जातात.

डॉक्टरांकडं नेलं. रक्त चांगलं. मोबाइल काढून घेतला. फरक नाही. विचारलं की एकच उत्तर, "काय न्हाई मावशी, झोप झाली न्हाई."

मग गुरुवारी मी मेथी घ्यायला बाजारात गेले, चौकात सहज वर बघितलं, तर फ्लेक्सवर प्रतीक्षा! मांडी थोपटतेय. कासुर्डीकडच्या एका गावची जत्रा, येत्या रविवारी निकाली कुस्त्यांचं जंगी मैदान. शेजारी तिच्या वडलांचा फोटो, तिच्यापेक्षा मोठा. आणि सिलेक्शन मंगळवारी. मेथी राहिली तिथंच.

तालमीत येऊन तिला समोर बसवलं.

"किती जत्रा केल्यास?"

"पाबळकडं केली. मग इनामगावच्या बाजूला. मग..." ती मान खाली घालून म्हणाली. "हल्ली मैदान रविवारीच ठेवत्यात मावशी. कंपनीवाल्यांना सुट्टी असती म्हनून."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही आप्पांना बोलला असता. आप्पा तुम्हाला बोलले असते. मधी मीच."

जत्रेतली कुस्ती मातीत. निकाली म्हणजे कुणीतरी चीत होईपर्यंत. वेळेचं बंधन नाही, वजनाचा काटा नाही. जिंकली की लोक ओरडतात, अजून एक! म्हणजे माझ्या टाइमटेबलात जो आरामाचा दिवस, तोच तिच्या आठवड्यातला सगळ्यात जड दिवस होता.

शुक्रवारी आप्पांच्या वस्तीवर गेले. आप्पा म्हणजे तिचे वडील. बागायतदार, सोसायटीत वजन, तरुणपणी स्वतः पैलवान.

"आप्पा, रविवारी पोरगी लढणार नाही."

"म्हंजी?"

"म्हंजी झोपणार. मंगळवारी दौंड आहे."

"अवो ताई, दोन कुस्त्यांनी काय हुतंय? तरणं रक्त हाय. आमी सकाळी ऊस तोडून संध्याकाळी मैदान मारायचो!"

"आणि सिलेक्शन किती मारली?"

आतून वहिनींचं हसू ऐकू आलं. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "तसं न्हाई ताई. त्या गावची पोरगी आपल्या जत्रंला येऊन लढून गेली. आपली गेली न्हाई, तर पुढल्या साली त्यांचा एक पैलवान आपल्या मैदानात उतरायचा न्हाई. मी शब्द दिलाय."

आता मात्र मला हसता येईना. गावागावांत पैलवानांचं लग्नातल्या आहेरासारखं असतं. आलेला आहेर फेडावाच लागतो.

मी म्हटलं, "मग जाऊ दे तिला. पण लढायला नाही, कुस्ती लावायला." मैदानात मानाचा पाहुणा दोन पैलवानांचे हात एकमेकांच्या हातात देतो, त्याला कुस्ती लावणं म्हणतात. एवढ्याशा पोरीला तो मान म्हणजे थोडाथोडका नाही. आप्पांना पटलं.

लोकांना नाही पटलं. रविवारी प्रतीक्षानं फेटा बांधून पहिली कुस्ती लावली, टाळ्या झाल्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "फ्लेक्सवर मांडी थोपटती आन् हितं फेटा बांधून फिरती व्हय? लढवा तिला!" सगळं मैदान सुरू झालं. जत्रा कमिटीचे अध्यक्ष, त्यांना सगळे मामा म्हणतात, माइकवर आले. "आप्पा, शब्द तुमचा हुता."

प्रतीक्षा जॅकेटची चेन काढायला लागली. मी तिची कॉलर धरली.

तेवढ्यात आप्पा उठले. "शब्द मी दिला, मी लढतो. चला मामा, उतरा तुम्हीच!"

असा हशा पिकला की हलगीवाला वाजवायचं विसरला. मामा माइक ठेवून खरंच उतरले. लेकीनंच बापाची कुस्ती लावली. छाती भिडायच्या आधी दोन पोटं भिडली. मग काय, ढकलतायत, थांबतायत, श्वास घेतायत, परत ढकलतायत.

"आप्पा, ऊस तोडा!" त्यांच्याच वस्तीवरचं कुणीतरी ओरडलं.

कुणी चीत होईना. शेवटी पंचांनीच दया येऊन बरोबरी जाहीर केली. मामांनी आप्पांना मिठी मारली की आधार घेतला, कळलं नाही. पण आहेर फिटला. पोरगी अंधार पडायच्या आत घरी जाऊन झोपली.

मंगळवारी दौंडला शेवटच्या कुस्तीत ती आधी मागं पडली. पण दुसऱ्या राउंडला समोरची धापा टाकत होती आणि आमची ताजी. पट काढला, म्हणजे वाकून तिच्या मांड्यांना मिठी घातली, उचललं आणि चीत केलं. निवड झाली.

आप्पा दिवसभर भिंतीला टेकून उभे. खुर्ची दिली तर म्हणाले, "नगं. बसलो तर उठायचं न्हाई." मग जवळ येऊन हळूच, "ताई, ती रिकव्हरी का काय, किती दिवसांची असती?"

"तुमच्या वयाला? पुढच्या जत्रेपर्यंत."

जत्रा काही कुणाच्या सांगण्यानं बंद होत नाहीत. म्हणून आता चैत्र-वैशाखात माझ्या तालमीची सुट्टी सोमवारी असते, आणि जत्रेत पोरीनं एकच कुस्ती धरायची. टाइमटेबल करताना मी पुस्तकाआधी पंचांग उघडते.